गृहकर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं का? मुदतीचा हिशोब आधी मांडा

प्रश्न असा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांनी २०१९ मध्ये एका गृहवित्त कंपनीकडून वीस वर्षांच्या मुदतीनं ४६ लाखांचं कर्ज घेतलं. आज ४० लाख शिल्लक आहेत. व्याजदर ९.२५ टक्के, हप्ता ४१,१६८ रुपये, आणि स्टेटमेंटवर अजून १८० हप्ते दिसताहेत. आता एका बँकेचा एजंट म्हणतो की, ८ टक्क्यांनी कर्ज टेकओव्हर करतो, मुदत पुन्हा वीस वर्षं देतो, वर ८.५ टक्क्यांनी १० लाखांचा टॉपअप, म्हणजे त्याच घरावर जास्तीचं कर्ज, देतो, आणि एवढं करून हप्ता जवळपास आहे तेवढाच राहील. त्या दहा लाखांत गाडी घ्यायची आणि उरतील ते मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी ठेवायचे, असा बेत आहे. वय ४३, खासगी नोकरी. करावं का?

माझं उत्तर: कर्ज हलवा, टॉपअप घेऊ नका, आणि मुदत १५ वर्षांच्या पुढे एक महिनाही जाऊ देऊ नका. मात्र हलवण्याआधी सध्याच्या कंपनीकडे दर कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. गृहकर्जाच्या फायली तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, आणि असा प्रस्ताव समोर आला की मी सगळ्यात आधी व्याजदर सोडून मुदतीचा रकाना बघतो. का ते आकड्यांतच सांगतो.

एजंटनं सांगितलेला हप्ता बरोबर आहे. ४० लाख, ८ टक्के, वीस वर्षं म्हणजे ३३,४५८ रुपये. दहा लाखांचा टॉपअप, ८.५ टक्के, वीस वर्षं म्हणजे ८,६७८ रुपये. बेरीज ४२,१३६. आजच्या हप्त्यापेक्षा जेमतेम हजार रुपये जास्त आणि दहा लाख हातात. ऐकताना कुणालाही वाटेल की दहा लाख जवळजवळ फुकटच मिळाले. आता शेवटपर्यंतची बेरीज करा. आज आहे तसंच, काहीही न करता, तुम्ही १८० महिने भरत राहिलात तर एकूण ७४ लाख १० हजार जातील. एजंटच्या योजनेत २४० महिने भरलेत तर १ कोटी १ लाख १२ हजार जातील. फरक २७ लाखांचा. हातात आले दहा लाख, त्याबदल्यात आजच्यापेक्षा २७ लाख जास्त गेले, तेही व्याजदर सव्वा टक्क्यानं कमी होऊन! आणि शेवटचा हप्ता वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. खासगी नोकरीत अठ्ठावन्न किंवा साठनंतर पगार थांबतो, हे मी वेगळं सांगायला नको.

टॉपअप बाजूला ठेवला तरी मुदतीचा प्रश्न सुटत नाही. नुसतं ४० लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हलवलंत, तर हप्ता पावणेआठ हजारांनी उतरतो, पण एकूण भरणा ८० लाख ३० हजारांवर जातो. म्हणजे दर कमी करून घेतला आणि सहा लाख जास्त भरले. हे घडतं कारण नवी बँक तुमचं कर्ज नवं कर्ज म्हणून उघडते, आणि अर्जात मुदतीच्या रकान्यात वयात बसेल तेवढी जास्तीत जास्त वर्षं लिहून टाकण्याची पद्धत आहे. तो रकाना स्वतः वाचा आणि १८० महिने लिहून घ्या.

आता तेच ४० लाख ८ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घ्या. हप्ता ३८,२२६. महिन्याला २,९४२ रुपये वाचले, एकूण ५ लाख २९ हजार. चांगलं आहे. पण याहून चांगलं करता येतं, आणि माझा खरा सल्ला तोच आहे: दर कमी करून घ्या, पण हप्ता आजचाच, ४१,१६८ ठेवा. घरखर्चाची घडी त्या हप्त्यावर बसलेलीच आहे. आज तुमच्या हप्त्यातले ३०,८३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त १०,३३५. आठ टक्क्यांवर आलात की त्याच हप्त्यातलं व्याज २६,६६७ होतं आणि मुद्दल १४,५०१ नं फिटायला लागतं. कर्ज १८० ऐवजी १५७ महिन्यांत संपतं. जवळपास दोन वर्षं आधी मोकळे, आणि बचत सव्वापाच ऐवजी साधारण साडेनऊ लाखांची. बदली एकच, कागद तेच, खर्च तोच, पण कमी झालेला हप्ता खर्चात मिसळून गेला की हे चार लाख दिसेनासे होतात. नव्या बँकेकडून मंजुरी घेतानाच १५७ महिन्यांची मुदत मागा. एवढा हप्ता बांधून घ्यायला मन धजत नसेल तर १८० महिने ठेवा आणि दर वर्षी बोनसमधून तेवढी रक्कम मुद्दलात भरा. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. बँकांसाठी हा नियम २०१२ पासून आहे आणि तो गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे.

वीस वर्षांच्या कर्जाची सात वर्षं झाली, तरी १५ कशी उरली? कारण २०२२ च्या मे महिन्यापासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५० वर नेला. तेव्हा बहुतेकांचे हप्ते तसेच राहिले आणि मुदत गुपचूप लांबली. मोबाईलवर एखादा मेसेज आला असेल, तो वाचला कुणी? या प्रकारानंतर १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं आदेश काढला. दर बदलला की कर्जदाराला कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हे त्याला ठरवू द्यायचं, आणि दर तिमाहीला किती मुद्दल फिटलं, किती व्याज गेलं, किती हप्ते उरले याचं स्टेटमेंट द्यायचं. गृहवित्त कंपन्यांनाही तो बंधनकारक आहे. ते स्टेटमेंट मागून घ्या. पुढचा सगळा विचार त्याच कागदावर करायचा आहे.

आता सध्याच्या कंपनीला द्यायचा अर्ज. २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर ६.५० वरून ५.२५ वर आला. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मानदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलावा लागतो. त्यामुळे ही घट त्या कर्जदारांना आपोआप मिळाली. गृहवित्त कंपन्यांवर हे बंधन नाही. त्यांचा स्वतःचा पीएलआर, म्हणजे मूळ दर, असतो आणि जुन्या ग्राहकाला तो किती उतरवून द्यायचा हे त्याच ठरवतात. म्हणूनच त्याच कंपनीत आज नव्यानं येणाऱ्याला कमी दर आणि सात वर्षं नियमित हप्ते भरणाऱ्याला जास्त, असं चित्र दिसतं. ते खटकण्यासारखंच आहे, पण त्यावर उपाय आहे. शाखेत जाऊन कन्व्हर्जनसाठी, म्हणजे कमी दरात रूपांतरासाठी, लेखी अर्ज द्या. नव्या बँकेचं मंजुरीपत्र हातात असेल तर त्याची प्रत जोडा. फोनवर ‘बघतो’ म्हणणारी माणसं ते पत्र पाहून दोन दिवसांत दर सांगतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. ज्यांचं कर्ज बँकेतच आहे त्यांनीही हा अर्ज करावा. रेपोवर बँक जो स्प्रेड, म्हणजे वरचा जास्तीचा टक्का, लावते, तो ग्राहकाच्या फायद्यासाठी तीन वर्षांची वाट न बघता कमी करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२५ पासून दिली आहे.

समजा, कंपनीनं ५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५,९०० घेऊन दर ८.२५ वर आणला. काही कंपन्या शिल्लक रकमेच्या टक्केवारीत फी घेतात, तेव्हा आकडा मोठा होतो, म्हणून आधी विचारा. दुसरीकडे कर्ज हलवायचा खर्च मांडू. प्रोसेसिंग फी १०,००० धरली तर जीएसटीसह ११,८००. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन मिळून ६,००० धरू. महाराष्ट्रात घराची मूळ कागदपत्रं नव्या बँकेकडे तारण ठेवली की तीस दिवसांत दुय्यम निबंधकांकडे त्याची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, दाखल करावी लागते. त्यावर ०.३ टक्के मुद्रांक शुल्क, ४० लाखांवर १२,००० रुपये, शिवाय १,००० फायलिंग आणि ३०० हाताळणी. एकूण ३१,१०० रुपये. एजंट ‘शून्य प्रोसेसिंग फी’ म्हणतो तेव्हा तो यातल्या फक्त पहिल्या आकड्याबद्दल बोलत असतो. मुद्रांक शुल्क सरकारचं आहे, ते माफ करणं त्याच्या हातात नाही.

काहीच न करण्याशी तुलना केली तर हे ३१,१०० रुपये अकरा महिन्यांत वसूल होतात, तेव्हा हलवणं स्पष्टपणे फायद्याचं. पण कंपनीनं ८.२५ दिले तर दोन्हींतला फरक महिन्याला फक्त ५८० रुपये उरतो आणि जास्तीचा २५,२०० चा खर्च भरून यायला साडेतीन वर्षांच्या वर लागतात. तेवढ्यासाठी मी स्वतः धावपळ करणार नाही. साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त फरक आणि दहा वर्षांहून जास्त मुदत उरलेली असेल, तर हलवण्याचा विचार करावा. यापेक्षा कमी असेल तर आहे तिथेच दर घासून घ्यावा. तुमच्या बाबतीत एक गोष्ट मात्र हलवण्याच्या बाजूनं जाते: आज कंपनीनं दर उतरवला तरी पुढच्या वेळी पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी आलीच. रेपोशी जोडलेल्या कर्जात तो खटाटोप नाही. अर्थात ही जोडणी दोन्ही बाजूंनी चालते, आणि २०२२-२३ मध्ये नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के वाढ कशी अंगावर आली ते सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा दर दोन टक्क्यांनी वाढला तर घर कसं चालेल, हा हिशोबही आजच करून ठेवा.

‘इतकी वर्षं भरल्यावर हलवण्यात अर्थ नाही, व्याज तर आधीच भरून झालं,’ असं बरेच जण सांगतात. हे कारण चुकीचं आहे. व्याज दर महिन्याला उरलेल्या मुदलावरच लागतं, आगाऊ कुणी घेत नाही. शेवटच्या वर्षांत हलवणं परवडत नाही ते वेगळ्या कारणानं: शिल्लक लहान आणि काळ थोडा, त्यामुळे खर्च भरून येत नाही. दहा लाख शिल्लक, चार वर्षं बाकी, दरातला फरक हाच सव्वा टक्का असेल तर महिन्याला ५९१ रुपये वाचतात, चार वर्षांत २८ हजार. त्यातले वीसेक हजार खर्चात जातील.

आणखी काहींनी थांबावं. येत्या दोन-तीन वर्षांत घर विकायचं असेल तर हलवू नका. नोकरी नुकतीच बदलली असेल किंवा गेल्या वर्षभरात हप्ता चुकला असेल तर नवी बँक बहुधा नाकारेल, आणि प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर उमटते. म्हणून एका वेळी पाच बँकांत अर्ज टाकू नयेत. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसेल, जागा गुंठेवारीची असेल, किंवा रिसेलच्या फ्लॅटमध्ये मधल्या मालकाचा मूळ करारनामा सापडत नसेल, तर वकिलाच्या टेबलावर फाईल अडते. गृहवित्त कंपनीनं एके काळी जे चालवून घेतलं ते बँक चालवून घेईलच असं नाही. प्रोसेसिंग फी परत मिळत नाही, म्हणून ती भरण्याआधीच इंडेक्स टू, करारनाम्याची प्रत आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट दाखवून वकिलाचं मत घ्या. काही योजनांत पहिली काही वर्षं स्थिर दर असतो. त्या काळात बाहेर पडताना दंड लागू शकतो, तेव्हा जुनं मंजुरीपत्र काढून वाचा.

कागदांचा प्रवास कसा होतो तेही सांगतो, कारण पैसे नकळत गळतात ते इथे. सध्याच्या कंपनीकडून तीन गोष्टी लागतात: फोरक्लोजर लेटर, बारा महिन्यांचं स्टेटमेंट आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी, जिला सगळे एलओडी म्हणतात. फोरक्लोजर लेटरवर अमुक तारखेपर्यंतची रक्कम आणि पुढे रोजचं व्याज किती, हे लिहिलेलं असतं. तुमच्या कर्जावर ते रोजचे १,०१४ रुपये आहे. नवी बँक त्या रकमेचा चेक जुन्या कंपनीच्या नावानं काढते आणि त्याच दिवसापासून तुमच्यावर तिचं व्याज सुरू होतं, रोजचे ८७७. चेक एजंटच्या बॅगेत शुक्रवार ते मंगळवार पडून राहिला तर चार दिवसांत साडेसात हजार रुपये दोन्हीकडच्या व्याजात गेले. म्हणून चेक ज्या दिवशी निघेल त्या दिवशी अर्धा दिवस रजा टाका, एजंटबरोबर स्वतः जा आणि जुन्या शाखेतून शिक्का मारलेली पोच घ्या. तारीख अशी ठरवा की चालू महिन्याचा हप्ता नुकताच गेलेला असेल, आणि खातं बंद झाल्याचं लेखी मिळेपर्यंत जुना एनएसीएच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द करू नका. मध्ये एक हप्ता परत गेला तर सिबिलवर डाग लागतो.

कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत करणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीमुळे उशीर झाला तर रोजचे ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. बॅलन्स ट्रान्सफरमध्ये, म्हणजे कर्ज असं हलवताना, कागद पुढे नव्या बँकेकडे जातात, पण ते मोजताना तुम्ही हजर राहा आणि एलओडीतली एकेक ओळ टिकमार्क करून घ्या. सोसायटीच्या नोंदवहीतलं जुन्या कंपनीचं नाव बदलून घ्यायला आणि सरसाईवरची, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली, जुनी नोंद निघाली का ते पाहायला विसरू नका. पुढे घर विकताना हीच नोंद आडवी येते.

मंजुरीपत्राबरोबर बँकेनं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता, द्यायलाच हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो सगळ्या नव्या रिटेल, म्हणजे व्यक्तींना दिलेल्या, कर्जांना लागू आहे, आणि त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्या आकड्यानं करा. त्यातच विम्याचा हप्ता लपलाय का तेही दिसेल. कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा जोडून ती रक्कम कर्जातच टाकली जाते आणि १५ वर्षं तिच्यावर व्याज भरलं जातं. हा विमा घेण्याची कायद्यानं सक्ती नाही. कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स स्वतंत्र असावा, तो स्वस्त पडतो आणि बँक बदलली तरी तसाच राहतो. जुन्या कर्जाबरोबर असा विमा घेतला असेल तर तो सरेंडर करून किती परत मिळतात ते विचारा. बहुतेक जण हे विचारतच नाहीत.

आता गाडी आणि फी. दहा लाख गाडीसाठी हवे असतील तर ९ टक्क्यांच्या पाच वर्षांच्या वाहनकर्जाचा हप्ता २०,७५८ रुपये येतो आणि एकूण व्याज जातं २ लाख ४६ हजार. टॉपअपचा दर अर्ध्या टक्क्यानं कमी, पण वीस वर्षांत व्याज १० लाख ८३ हजार. गाडी भंगारात गेल्यावरही तिचे हप्ते चालू राहतील. वीस हजारांचा हप्ता झेपत नाही असं वाटत असेल, तर ती गाडी सध्या झेपत नाही असाच त्याचा अर्थ आहे. लहान किंवा जुनी बघा. आणि वाहनकर्ज थकलं तर गाडी जाते, टॉपअप थकला तर तारण जप्तीच्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस घराच्या दारावर लागते. गाडीसाठी घर पणाला लावू नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

मुलीच्या फीसाठी शैक्षणिक कर्ज घ्या. ते तिच्या नावावर असतं, शिक्षण संपेपर्यंत आणि नंतर काही काळ हप्ता सुरू होत नाही, आणि तुम्ही सहकर्जदार म्हणून त्याचं व्याज भरत असाल व प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत असाल तर त्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते. प्रवेश नामांकित संस्थेत झाला तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकतं. गृहकर्जाच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या पद्धतीत कर्ज हलवल्यावरही चालू राहते, कारण मूळ घराचं कर्ज फेडायला घेतलेलं कर्ज त्यात धरलं जातं. गाडीसाठी घेतलेल्या टॉपअपच्या व्याजाला ती मिळत नाही. नवीन करपद्धतीत असाल आणि घरात स्वतः राहत असाल तर दोन्हींचा प्रश्नच नाही.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: कंपनीकडे तिमाही स्टेटमेंट आणि एलओडीसाठी अर्ज, त्याच अर्जात दर कमी करण्याची विनंती, आणि नव्या बँकेकडून १५७ महिन्यांच्या मुदतीचं, टॉपअपशिवायचं की फॅक्ट स्टेटमेंट. एजंट टॉपअपशिवाय फाईल घ्यायला कां-कू करू लागला तर त्याला बाजूला ठेवून थेट शाखेत जा आणि कर्ज अधिकाऱ्याला भेटा.